फक्कीच्या भिंती

नामदेवकाका इमारतींना शिव्या देतात. माणसांना कधीच नाही. गावच्या बसथांब्यासमोर उभे राहून ते त्या थांब्यालाच झापतात, "येड्या, रस्त्याकडं पाठ करून बसलास, तुला बस दिसती का?" थांबा खरोखर तसाच बांधलाय. बस दिसावी म्हणून म्हातारी माणसं बाहेर उन्हात उभी राहतात.

काका आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त कंडक्टर. उभा जन्म भोकरदन-जालना फेऱ्यांत गेला. कुठलंही बांधकाम दिसलं की त्यांचा एकच सवाल, "बसणाऱ्याला इचारलं का?"

लोक हसतात. मी हसत नाही. आमचं अख्खं घर पत्र्याच्या एका खोलीत राहायचं. चुलीशेजारी पोत्यावर बसून मी शिकले आणि घरातली पहिली पदवी आणली. गावात वाचनालय होतं की! दार मात्र पानटपरीसमोर. टवाळांच्या नजरा झेलत कोणती पोरगी आत जाणार? वर हेच लोक म्हणायचे, "पोरींना वाचायची आवडच न्हाई."

मग गावाला नवी अभ्यासिका मंजूर झाली. नकाशा ग्रामपंचायतीत लागला. दार पुन्हा चौकात, चहाच्या टपऱ्यांसमोर! माझी बहीण कोमल तेव्हा दहावीला. नकाशा बघून म्हणाली, "ताई, म्हंजे ही बी पोरांचीच."

मी तडक सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "तू शिकलीस ते बराबर हे, पण बांधकामातलं तुला काय कळतं?"

काकांना हे सांगितलं. त्यांनी मैदान आखायची पांढरी फक्की गोणीभर आणली. "चला गं पोरींनो, बांधा!" कोमलनं आणि तिच्या मैत्रिणींनी चौकातल्या मंजूर मोकळ्या जागेवर पुऱ्या मापाची अभ्यासिका आखली. दार शाळेच्या बाजूला, मोरी-संडास आतच. मग पुस्तकं घेऊन त्या आत बसल्या.

सरपंच तरातरा मधोमध आले. काकांनी शिट्टी फुंकली.

"सरपंच, भिंतीतून घुसले तुमी! मागं व्हा, दारातून या."

"काका, डोकं फिरलं का? फक्की हे ही."

"चपला भायेर काढा."

टपऱ्यांवरचं पब्लिक फिदीफिदी हसायला लागलं. सरपंचांनी चपला काढल्या आणि कोमलला विचारलं, "दार चौकात का नको?"

"तिथून आमी येणार न्हाई. मंग बांधून कुलूप लावा."

"अन् पाटी? उद्घाटनाची पाटी चौकातून दिसाया पाहिजे."

"पाटी लावा की चौकात. पाटीला कुठं आत यायचंय?"

सरपंच या खेपेला दारातून बाहेर पडले. नकाशा बदलायला गेला.

त्या संध्याकाळी आईनं काकांसाठी दिलेली भाकरी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काका खालच्या खोलीत एकटेच राहतात. मला म्हणाले, "वर चल." वर दोन कोऱ्या खोल्या आणि भिंतीतच पक्कं केलेलं टेबल. सगळं मुलासाठी बांधलेलं.

"त्याला जिना भायेरून पाहिजे व्हता, अन् सैपाकघर निराळं. मी म्हणलो, खर्चा माझा, तू गप बस. बायकोला घिऊन संभाजीनगरला गेला. एक रात बी राह्यला न्हाई हितं."

मी टेबलावर हात ठेवला. त्यावर धुळीचा कणही नव्हता.

अभ्यासिका बांधून झाली. दार शाळेकडे आहे. कोमल बारावीचा अभ्यास तिथंच करते.