काच 'गॉट ब्रोकन' जाहली त्याची हकीकत

श्री. दुसरे मजल्यावरील समस्त कचेरीने आग्रह केला की, इंग्रजी व्याकरणाचे रणात टंकलेखिकाबाईंनी यश कैसे घेतले ते साद्यंत लिहावे. म्हणोन लिहिले ते ऐसे जे:

सोमवारी सकाळी सफाईच्या मावशी झेरॉक्सचे यंत्र पुसत असता हातातील डबा निसटला आणि काचेवर आदळला आणि काचेचे दोन तुकडे जाहले. मावशी मटकन खाली बसल्या. "ताई, माझी नोकरी गेली हो!" मावशींचे घरी मिळवते हात तेवढेच दोन, हे बाई जाणून होत्या. मग बाईंनी धीर दिला आणि कळफलक पुढे ओढून थोरले साहेबांचे दरबारी इंग्रजी खलिता रवाना केला की, काच 'गॉट ब्रोकन'.

साहेब व्याकरणाचे मोठे कडवे. तत्काळ फर्मान सुटले की, 'गॉट' हा घरगुती, बाजारबुणगा शब्द. दफ्तरात 'वॉज ब्रोकन' लिहिणे आणि पुढे 'बाय' घालून फोडणाराचे नाव लिहिणे. बाईंनी पेच जाणिला. 'वॉज'चे मागोमाग 'बाय' येणार आणि 'बाय'चे मागोमाग मावशी जाणार. 'गॉट' म्हणजे काच आपले कर्माने फुटली, जाबसाल खुंटला. म्हणोन बाई हटल्या नाहीत. तीन दिवस खलिते गेले आणि तांबड्या शाईने न्हाऊन परत आले आणि बाईंचा चहा रोज निवत गेला.

गुरुवारी बैठकीस सारा सरंजाम जमला आणि साहेबांचाच पत्ता नाही. पाऊण तासाने समस्तांचे फोनवर संदेश उतरला: 'गॉट स्टक इन लिफ्ट.' आता साहेबांनी उतावळेपणे सारी बटणे स्वहस्तेच एकदम दाबिली होती आणि हे दरवानाने डोळ्यांनी पाहिले होते. बाईंनी बहुत अदबीने उलट विनंती केली की, दफ्तरी नोंदीकरिता 'वॉज स्टक' लिहावे काय, आणि 'बाय'पुढे कोणाचे नाव घालावे? बैठकीत खसखस पिकली. मग लिफ्टमधूनच नवे फर्मान आले की, 'गॉट' दफ्तरी कबूल, काच नवी आणावी, चौकशी बंद.

वर्तमान ऐकोन मावशींचे डोळे भरले. "पण ताई, खोटं कशाला? माझ्याच हातून फुटली, सांगते मी साहेबांना."

बाईंनी त्यांस हात धरून बसविले. "मराठीत फोडलीत हो मावशी. इंग्रजीत ती आपली आपणच फुटली!"

येणेप्रमाणे गुरुवारी दोन प्रहरी टंकलेखिकाबाईंची फत्ते जाहली. आपले पक्षाचे एकही माणूस पडले नाही. दफ्तरी दाखल.