बिभीषणच्या आनंदाची पूर्वचाचणी

पिशोरच्या अलीकडच्या वस्तीवरील अंगणवाडीत त्या सकाळी मुले सात, विद्यार्थी एकोणीस, प्राध्यापिका एक, वजनकाटे दोन (पैकी चालू एक) आणि भिंतीपलीकडे शेळी एक, अशी उपस्थिती होती. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी शेळी व्याली. उपस्थिती एकने वाढली. पण करडू आमच्या नमुन्यात नव्हते.

आम्ही संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातून ‘समाजाधारित बालकल्याण संशोधन’ करायला आलो होतो. त्याचे श्रेयांक दोन. पद्धत सोपी होती. मुलाला पाच चेहऱ्यांचे कार्ड दाखवायचे. एक म्हणजे रडका, पाच म्हणजे खदखदून हसणारा. मग त्याला आमच्या ‘आनंदसंचा’तल्या कापडी बाहुल्यांशी वीस मिनिटे खेळवायचे आणि कार्ड पुन्हा दाखवायचे. आनंद किती वाढला ते कळते. वेळनोंद माझ्याकडे होती.

सहा मुलांनी निमूटपणे तीनवर बोट ठेवले. सातवा बिभीषण, वय साडेचार वर्षे. त्याने बोट पाचवर ठेवले आणि तिथेच दाबून धरले.

“येडा हाईस का?” शेजारची ज्ञानेश्वरी कुजबुजली. ती पाच वर्षांची होती आणि हे तिचे तिसरे सर्वेक्षण होते. “मधल्यावर ठेव. हसऱ्यावर ठेवलं की लई येळ बसवतेत.”

आमची गटप्रमुख तनुजा हिने विचारले, “बाळा, एवढा आनंद कशाचा?”

“आमची शेळी व्याली. करडू आता हुबं राहील. मागच्या टायमाला म्या झोपलो व्हतो, दिसलंच नाय. जाऊ का?”

तनुजाने आमच्या प्राध्यापिका संध्या मॅडमकडे पाहिले, मॅडमनी कार्डाकडे. अडचण गंभीर होती. मोजपट्टी पाचला संपत होती. मूल आधीच पाचवर असेल, तर आनंदसंचाने वाढवायचे काय?

“हा बाह्य आनंद आहे,” मॅडम म्हणाल्या. “आपला नाही. ओसरू द्या, मग मोजू.”

बिभीषणला खिडकीपासून लांब बसवण्यात आले. दर दहा मिनिटांनी कार्ड. दहा वाजता चार. दहा-दहालाही चारच, कारण पलीकडून करडू ओरडले. तेव्हा खिडकी लावून घेतली. दहा-वीसला तीन.

“आता घ्यायचं का, मॅडम?”

“अजून उतरतोय. आकडा स्थिर झाल्याशिवाय घेत नाहीत.”

एव्हाना बाकीच्या सहांचा खेळ आटोपून त्यांचे तीनचे तीनच राहिले होते. सारी भिस्त बिभीषणवर होती.

त्याची आजी दगडाबाई लगबगीने दारात आली. “ओ बाई, सोडा की पोराला जरा. करडू पाय झाडाया लागलंय. सकाळधरनं त्याचा जीव तिकडंच लागलाय.”

“आजी, त्याचं नाव अभ्यासात आहे,” मॅडम म्हणाल्या. “ ज्यानं संमती दिली, त्याच्याच सहीनं नाव काढता येतं.”

“म्हंजी सोनाजीच्या? पोराचा बाप मेंढरं घिऊन देवगाव रंगारीकडं गेलाय. फोन बी लागत नाय.”

“नाहीतर मुलानं स्वतः लेखी अर्ज द्यावा.”

“व्हय का? पहिलीत जाईल तवा लिव्हंल. तवर ते करडू शेळी व्हऊन व्यालेलं असंल!”

मॅडमनी हे ‘समुदायाचा अभिप्राय’ या रकान्यात लिहून घेतले.

आजीच्या माहितीची खातरजमा आवश्यक होती, म्हणून दोन विद्यार्थी पलीकडे गेले. ते परत आले नाहीत, म्हणून चार गेले. तेही आले नाहीत, तेव्हा चौकशीसाठी मॅडम गेल्या आणि त्यांच्यामागे आम्ही अकरा जण. आत दोघे उरले. एक कार्ड धरायला, एक दार धरायला.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी करडू उभे राहिले. आधी मागचे पाय, मग पुढचे. मध्ये एकदा नाकावर आपटले. सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी त्याला उचलून घेतले आणि फोटोसाठी दोनदा हसल्या.

आम्ही परतलो तेव्हा तनुजाचे डोळे पाणावलेले होते. “इतकं गोड! सगळं शूट केलंय मी.”

बिभीषण उठून उभा राहिला. “मला दाव की, ताई.”

“अरे, इतक्या लहान मुलांना मोबाइल दाखवत नाहीत. मेंदूवर परिणाम होतो.”

अकरा-पाचला त्याने एकवर बोट ठेवले. अकरा-पंधराला एक. अकरा-पंचवीसला एक. आकडा स्थिर झाला. पूर्वचाचणी पूर्ण झाल्याचे मॅडमनी जाहीर केले.

आनंदसंच उघडला. त्यात वाघ, ससा आणि पेंग्विन होते. बिभीषण वीस मिनिटे पेंग्विनला उभा करत होता. तो कापडी असल्याने चौदा वेळा पडला.

मग तनुजाने कार्ड पुढे केले. “बाळा, हा शेवटचा प्रश्न.”

“खरंच शेवटचा?”

“हो. मग तू सुटलास.”

बिभीषणने बोट उचलून दोनवर ठेवले.

पूर्वचाचणी एक, उत्तरचाचणी दोन. आनंदात झालेली वाढ शंभर टक्के.