कुंदाबाईंच्या हँडलबाबत

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मुख्य फरक हत्यारांचा आहे, असे विद्वान सांगतात. हे अर्धेच खरे आहे. माकडसुद्धा दगड घेऊन कवठ फोडते. परंतु काम झाले की ते दगड टाकून देते. तो दगड मूळ खोक्यात, थर्माकोलसकट, वॉरंटीच्या कागदासह कपाटावर ठेवण्याची बुद्धी फक्त माणसाला झाली आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली.

ही संस्कृती आज कुठवर पोचली आहे हे ज्यांना बघायचे असेल त्यांनी जळगावला, पिंप्राळ्यात, आमच्या स्वावलंबननगरात यावे. (रिक्षावाल्याला नुसते ‘ड्रिलवाली कॉलनी’ म्हटले तरी तो बरोबर आणून सोडतो.) मी इथल्या रहिवासी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे पुढील आकडे अधिकृत समजावेत. एकूण घरे बेचाळीस. ड्रिल मशीन एकतीस, पैकी बॅटरीवरची एकोणीस, पैकी बॅटरी चार्ज असलेली दोन. गाडी धुण्याचे प्रेशर पंप चौदा. नळाला पाणी चौथ्या दिवशी. पालापाचोळा उडवण्याची यंत्रे सहा, झाडे तीन. सदर एकतीस ड्रिल मशीनांनी मिळून आजवर भिंतींना पाडलेली भोके चार. त्यांतले एक पाण्याच्या पाइपात निघाले आणि एक शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. उरलेली दोन भोके अजून आहेत, त्यांत काय अडकवायचे होते ते आता कोणाला आठवत नाही.

अशा कॉलनीत सुकदेवरावांच्या घरी एक हँडल लावायचे निघाले, त्याची ही हकीकत आहे.

सुकदेवराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहेत. त्यांच्या आई कुंदाबाई, वय चौऱ्याहत्तर, या मूळच्या भडगावकडच्या, बोलणे अहिराणी. गुडघे गेले म्हणून त्या मुलाकडे राहायला आल्या. मार्च महिन्यात त्या बाथरूममध्ये उठता उठता घसरल्या. मनगट लचकले, बाकी हाडे वाचली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिले, ‘बाथरूमच्या भिंतीला धरायला हँडल.’ तोंडी सांगितले की या वेळी वाचल्या, पुढच्या वेळी खुबा मोडेल आणि मग त्या उठायच्या नाहीत.

सुकदेवरावांनी त्याच संध्याकाळी हँडल आणले. दीड फुटी, स्टीलचे, चार स्क्रूंचे. या बाबतीत त्यांच्याकडून एका दिवसाचीही दिरंगाई झाली नाही, हे इथे नमूद करणे न्यायाचे होईल.

आमच्या कॉलनीत असली कामे अठरा वर्षे असलम करत आला आहे. पंखे, पडद्यांचे रॉड, गीझर, देवघराची फळी, सगळे त्याच्या हातचे. सुकदेवरावांच्या पत्नी डिंपलवहिनी म्हणाल्या, “असलमभाईंना बोलवा. दुपारी मी शाळेत असते, आईंना हात द्यायला घरात कोणी नसतं.” पण सुकदेवरावांनी तोवर मोबाइलवर या विषयाचे तीन व्हिडिओ बघितले होते.

“आई रोज धरणार ते हँडल परक्या माणसानं लावलेलं असावं, हे मला पटत नाही,” ते म्हणाले. “ते मी स्वतः लावणार.”

त्यांचे आईवर प्रेम नाही असे कोणी म्हणू नये. पुढचे सगळे प्रेमामुळेच झाले.

प्रथम ड्रिल मशीन आले. मशीन आल्यावर समजले की त्याला लावायच्या साध्या बिटाने टाइल तडकते, म्हणून टाइलच्या बिटांचा संच आला. बिट आल्यावर शंका निघाली की भिंतीत पाइप असला तर काय, म्हणून भिंतीतला पाइप शोधणारे यंत्र आले. हे यंत्र भिंतीवर कुठेही धरले तरी वाजायचे. संपूर्ण भिंतीत लोखंडच लोखंड आहे असा त्याचा अहवाल होता. बिल्डरला फोन झाले, नकाशे मागवले गेले. तेरा दिवसांनी लक्षात आले की यंत्र एका हातात धरून सुकदेवराव दुसऱ्या हातात स्टीलचे हँडल धरत होते. मग रेषा सरळ यावी म्हणून हिरवा प्रकाश टाकणारे लेझर लेव्हल आले, त्याला तिपाई आली. डोळ्यांना चष्मा, कानांना झाकणे, हातांना मोजे आले. खाली बसून काम करावे लागणार म्हणून गुडघ्यांना बांधायचे जाडजूड पॅडही आले. (कुंदाबाई हे पॅड बराच वेळ हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाटले, आपल्याला आणले.)

दरम्यानच्या काळात कुंदाबाई नळ धरून उठत. ही अंतरिम व्यवस्था होती. नळ प्लास्टिकचा असल्यामुळे त्यावर फार भार देऊ नये, अशी सूचना सुकदेवरावांनी त्यांना वेळोवेळी दिली होती. त्या सूचनेचा मान राखून कुंदाबाईंनी स्वतःपुरता मार्ग काढला. त्यांनी पाणी पिणे कमी केले. पाणी कमी प्यायले की उठावे कमी लागते, इतका सरळ हिशेब.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. त्या उन्हात, दिवसाला दोन पेल्यांवर राहून, कुंदाबाई एका दुपारी पलंगावरच बेशुद्ध झाल्या. दवाखान्यात सलाइनच्या तीन बाटल्या लागल्या. मला हे कळले तेव्हा मनापासून वाईट वाटले. मी शहाळे घेऊन भेटायला गेलो. (शहाळे फोडण्याचे खास यंत्र कॉलनीतल्या जीवरामांकडे आहे, पण त्याच्या खोक्याची पट्टी अजून फोडलेली नसल्याने कोयत्यावर भागवले.) कुंदाबाईंनी शहाळ्याकडे बघितले आणि ते बाजूला सारले.

“भाऊ, हाई पिसू ते मंग उठनं पडी,” त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन बायकोला सांगितले. तिलाही फार वाईट वाटले.

जूनपर्यंत सुकदेवरावांकडचे साहित्य इतके वाढले की त्याची खोकी बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात दोन्ही बाजूंनी रचावी लागली. कुंदाबाईंना त्यातून आडवे होऊन जावे लागे. आईची ही गैरसोय सुकदेवरावांना बघवली नाही. त्यांनी ताबडतोब हत्यारे टांगायचा चार फुटी लोखंडी रॅक मागवला. रॅक भिंतीला लावायचा, म्हणजे आठ भोके पाडणे आले. आता ड्रिल मशीन तर याच रॅकवर टांगायचे. ते आधीच वापरले तर धूळ बसून खराब दिसणार. तेव्हा बाहेरचा माणूस बोलावणे प्राप्त झाले.

असलम आला. त्याचे मशीन मी पाहिले आहे. त्याचा मूळ रंग सांगता येत नाही, वायरीला तीन ठिकाणी काळी पट्टी आहे, आणि ते सुरू झाले की शेजारच्या घरातली भांडी बोलू लागतात. त्याने आठ भोके पाडून रॅक लावला. हात धुवायला म्हणून तो बाथरूमकडे गेला, तर कुंदाबाई नळ धरून उठत होत्या. तो दारातच थांबला.

“सुकदेवभाऊ,” असलम परत येऊन म्हणाला, “मशीन हातातच आहे. अक्कांचं हँडल द्या इकडं, लावून टाकतो लगेच.”

“नको, असलमभाई. ते मी स्वतः लावणार आहे.”

“भाऊ, नळ हलतोय. एखाद्या दिवशी हातात निघून येईल, अक्का पडतील.”

“म्हणूनच तर ते काम घाईत करायचं नाही,” सुकदेवराव म्हणाले.

असलमने रॅककडे बघितले, नव्या मशीनकडे बघितले आणि चहा घेऊन तो निघून गेला. कुंदाबाई बोळातून येत होत्या, त्यांनी सगळे ऐकले होते.

“मी जित्ती शे तवलग लावजो, भाऊ,” एवढेच त्या मुलाला म्हणाल्या.

रॅक फार सुंदर दिसत होता. बघायला माणसे येऊ लागली, बघून गेलेली माणसे रॅक मागवू लागली आणि असलमला पावसाळाभर आमच्या कॉलनीत काम पुरले. मंडळाचे अध्यक्ष तोताराम नाना यांना त्यातूनच कल्पना सुचली. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होतेच. यंदा ती सभागृहात सामुदायिक करावी, आणि ‘उत्कृष्ट जतन’ असा एक पुरस्कार ठेवावा. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. गुणांकनाचे नियम मी तयार केले. मशीनवरचे प्लास्टिकचे आवरण शाबूत असल्यास दहा गुण, ओरखडा आढळल्यास पाच वजा, बिटाला सिमेंट किंवा तत्सम पदार्थ लागलेला आढळल्यास स्पर्धेतून बाद. असलमच्या मशीनलाही मान द्यावा, कॉलनीतली बहुतेक भोके त्याचीच आहेत, असे एका सभासदाने सुचवले. समितीने उदार मनाने त्याचा विचार केला. परंतु ते मशीन प्राथमिक छाननीतच टिकले नसते.

खंडेनवमीला एकतीस मशीन ओळीने मांडली. हळदकुंकू झाले, झेंडूच्या माळा पडल्या. पहिला क्रमांक अर्थातच सुकदेवरावांचा आला; त्यांच्या मशीनचा ट्रिगरसुद्धा कोणी दाबलेला नव्हता. टाळ्या झाल्या, आरती सुरू झाली, आणि दुसऱ्या कडव्याला कुठूनतरी ड्रिल मशीनचा आवाज येऊ लागला.

पूजेच्या दिवशी हत्यार चालवायचे नसते. सगळे दचकले. तोताराम नानांनी आरतीचे ताट हातात ठेवूनच मशीन मोजली, एकतीसच्या एकतीस माळा घालून जागच्या जागी होती. आरती आटोपून आम्ही आवाजाच्या दिशेने निघालो. पुढे नाना, मागे पुरस्काराची ट्रॉफी घेतलेले सुकदेवराव, मग सगळी समिती. आवाज सुकदेवरावांच्याच घरातून येत होता.

त्या दिवशी शहरातल्या निम्म्या मिस्त्र्यांची हत्यारे पूजेला बसलेली. असलम तेवढा कामावर होता. कुंदाबाईंनी डिंपलवहिनींना सांगून त्याला फोन लावला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो शेवटचा स्क्रू पिळत होता. चिटणीस या नात्याने मी घड्याळ बघितले. पहिल्या आवाजापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत दहा मिनिटे.

कुंदाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरले आणि त्या उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांना हसू आवरेना.

“हाई देखा, कितलं सोपं शे!” त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या.

ट्रॉफी खाली ठेवून सुकदेवरावांनी रॅकवरून लेझर लेव्हल आणले, तिपाई उभी केली आणि भिंतीवर हिरवी रेषा टाकली. हँडलचे डावे टोक रेषेच्या तीन मिलिमीटर वर होते. समितीने वाकून खात्री केली. तीनच.

“माले वाकडं चालस, भाऊ,” कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी अजून हँडल सोडले नव्हते.

“तुला चालतं गं आई, पण मला नाही ना चालत,” सुकदेवराव म्हणाले. त्यांनी आईचे हात अलगद सोडवले. मग सेहेचाळीस तुकड्यांचा इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हरचा संच उघडला आणि चारही स्क्रू काढले. काम अतिशय सफाईदार झाले. स्वावलंबननगरात एखाद्या सभासदाने स्वतःचे यंत्र स्वतःच्या घरात यशस्वीरीत्या वापरण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याने आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. असलमने वाजवल्या नाहीत, तो मशीनची वायर गुंडाळत होता.

“आता सरळ करून लावू का?” त्याने विचारले.

सुकदेवरावांच्या मते ते शक्य नव्हते. नवी भोके जुन्यांपासून तीन मिलिमीटरवर आली असती आणि टाइल तडकली असती. आधी जुनी भोके बुजवायला हवीत, आणि बुजवायचा मसाला परदेशी असून वाटेत आहे.

तिसऱ्या दिवशी चोपड्याहून कुंदाबाईंची मुलगी कामिनी येऊन आईला घेऊन गेली. तिच्याकडे केळीची शेती आहे. जावईबापूंनी बाथरूमच्या खिडकीच्या गजाला गाडीवरचा माल बांधायचा जाड दोर बांधून दिला, तो धरून कुंदाबाई उठतात. दोराला वॉरंटी नाही आणि तो दिसायलाही बरा नाही. कुंदाबाई तिकडे तांब्याने पाणी पितात, असे कामिनी फोनवर सांगत होती. आता परत यायचे नाही, असे त्यांनी तिला सांगितले आहे.

सुकदेवरावांना हे फार लागले. आई गेल्यापासून घर खायला उठते म्हणतात. हँडल त्यांनी रॅकवर, ड्रिल मशीनच्या शेजारी, अगदी सरळ रेषेत टांगून ठेवले आहे.

लोक त्यांना नावे ठेवतात. मला ते आवडत नाही. माझे घर त्यांच्या घराला भिंतीला भिंत लागून आहे. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, टाइलचे बिट आहे, बॅटरी चार्ज असलेल्या दोन मशीनांपैकी एक माझेच. मार्चपासून मला सगळे ठाऊक होते. मी कुंदाबाईंची नियमित चौकशी केली आणि शेवटी हे टिपण लिहून काढले. ते इथवर वाचायला तुम्हाला साधारण दहा मिनिटे लागली असतील. तेवढ्यात तुमच्याही घरातले कोणीतरी, काहीतरी धरून, एकदा उठले असेल.