आणखी एक खांब

शरीफाआपा कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी टेबलावरचा क्रोशाचा रुमाल उचलतात. वर फुलदाणी असली तर ती यजमानाच्या हातात. आम्ही उलव्याला राहायला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातात माझाच चहा, चष्मा आणि वीजबिल ठेवलं. रुमाल उजेडात धरून म्हणाल्या, "मशीनचा. ठेवून द्या." मी असा ओशाळलो, जणू मशीन मीच होतो.

आपा शेजारच्याच दारात राहतात. त्यांच्याकडे लेस विणायचं एक जुनं छापील पुस्तक आहे. कव्हर गेलेलं, पानं हळदीच्या रंगाची. त्याला त्या 'किताब' म्हणतात आणि हात धुतल्याशिवाय कुणाला लावू देत नाहीत. मला धुऊनही नाही. "तुमचे हात भज्यांचे."

त्यातला सहा पाकळ्यांच्या फुलाचा रुमाल त्यांनी आमच्या मजल्यावर घरोघरी विणून दिलाय. फक्त पुस्तकात एका पाकळीला सहाऐवजी सात खांब छापले गेलेत. खांब म्हणजे उभा टाका. एक जास्त झाला की पाकळी सपाट बसत नाही, कान टवकारून उभी राहते. तिच्यावर पेला ठेवला की तो नेमका माझ्या मांडीकडे कलतो.

माझी बायको सुनीता गणिताच्या शिकवण्या घेते. चूक दिसली की तिला घास जात नाही. पंचवीस वर्षं मी तपासला जातोय. शेवटी तिने ती ओळ दुरुस्त करून कागद आपांना नेऊन दिला.

"आपा, एक खांब कमी करा. फूल सपाट बसेल."

आपांनी कागद शांतपणे वाचला. "चूक हाय, मला काय दिसत नाय?"

"मग?"

"मी आणि माझी मैत्रीण मंदा याच किताबीवरून शिकलो. सुई एकच, आळीपाळीनं. लग्न झालं, मी कुवेतला गेले. परत आले तर विमानतळासाठी गाव उठलेलं. मंदाचं सासर कुठलं, सांगणारं कुणी उरलं नाय. म्हणून दिसेल तो रुमाल बघते. तीपण बघत असेल." त्यांनी कागद परत केला. "पाकळी सपाट केली तर माझा रुमाल तिला ओळखू कसा येणार, सुनीता?"

सुनीताने कागद चुरगळून माझ्या खिशात कोंबला आणि आपांशेजारी बसली.

"ती चुकीची ओळ मला नीट शिकवा."

आपांनी सुई दिली. सहा खांब झाले, सुनीता सवयीने थांबली.

"आणखी एक," आपा म्हणाल्या.