तात्यांचा सकाळचा प्रश्न

आमच्या शेजारचे यशवंततात्या भेटल्यावर 'बरं हाय काय?' असं विचारत नाहीत. 'शी काळी झाली न्हाय न्हवं?' असं विचारतात, तेही भर रस्त्यात. सगळी नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या चरकाशेजारी गेलेली, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. मी कसबा बावड्यात नवी सून होते तेव्हा माझा भाऊ भेटायला आला होता. पाय मुरगळल्यामुळे दुखण्याची गोळी खात होता. तात्यांनी त्याला मिसळीच्या दुकानात गाठून हा प्रश्न टाकला, आणि शेजारच्या टेबलावरच्यांनी कटाच्या वाट्या बाजूला सारल्या.

कोण लंगडतंय, कोण कंबर धरून चालतंय, हे त्यांना ओट्यावरून बरोबर दिसतं. एकदा दिसलं की सुटका नाही. गोळी जेवून घेतली काय, कधीपासनं चाललीया, आणि मग तो प्रश्न. औषधाच्या दुकानाबाहेर तात्या बसले की गिऱ्हाईक दुसरं दुकान गाठतं, अशी दुकानदाराची तक्रार आहे.

गोळीशी त्यांचं वैर नाही, बरं का. खांदा धरला की तेसुद्धा घेतात, पोटभर भाकरी खाऊन. "गोळी लई गुणाची," ते सांगतात, "पन पावणी हाय. डॉक्टरानं बोलवावं, जेवण झाल्यावर यावं, दोन दिस ऱ्हावं आन जावं. मुक्काम ठोकला की पोट पोखरती, किडनीला हात घालती."

आमच्या सासूबाईंचे गुडघे जुने दुखणेकरी आणि उपवास मुबलक. उपवासाच्या दिवशी नुसत्या चहावर गोळी. आमचं ऐकतील तर शपथ. तात्या रोज सकाळी फाटकाशी उभे राहून तो प्रश्न ओरडायचे आणि सासूबाई आतून तितक्याच जोरात, "मुडद्या, जनाची न्हाय तर मनाची तरी ठेव," म्हणायच्या. मग तात्या खूश होऊन दूध आणायला जायचे.

श्रावणात एका सकाळी तात्या ओरडले आणि आतून काहीच आलं नाही. मी हसून सांगितलं, सगळं ठीक आहे. तात्या हलले नाहीत.

"आज शिवी आली न्हाय," म्हणाले, आणि चपला काढून थेट आत गेले.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. तात्या त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"वैनी, तोंडानं सांगू नगा. नुसती मान हलवा."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

दवाखान्यात कळलं, पोटात जखम होऊन रक्त जात होतं, त्यानंच शी काळी होत होती. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याबाहेर मी तात्यांना चहा आणून दिला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. त्यांची बायको मी सून होऊन येण्याआधीच वारली होती. तिचेही गुडघे असेच होते म्हणे.

"तीबी उपाशीपोटी खायाची. शी काळी व्हायला लागली, पन लाजली, बोलली न्हाय. आन मीबी कधी इचारलं न्हाय. बाईमाणसाला असलं काय इचारायचं, म्हणून."

ज्या प्रश्नावर अख्खी गल्ली हसायची, तो त्यांच्या स्वतःच्या घरात विचारायचा राहून गेला होता. चहा गार झाला, तो मी बदलून आणला.

सासूबाई घरी आल्या. दुसऱ्या सकाळी तात्यांची आरोळी आली, तशा त्या भिंत धरत स्वतः दारात गेल्या आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्हाय झाली. जावा आता."

तात्या जातील असं मला वाटलं. ते फाटक धरून तिथंच उभे.

"शिवीबी द्या की वैनी," म्हणाले. "आमच्या घरात आता कोन देत न्हाय."