सुभेदार नाटकाला घाबरतात

आमच्या शेजारचे सुभेदार नाटकाला जाताना खिशात हिरव्या मिरच्या घेऊन जातात. लोक शेंगदाणे नेतात, खोकल्याच्या गोळ्या नेतात. हे मिरच्या नेतात, त्याही लवंगी. दिवे गेले, पडदा वर गेला आणि रंगमंचावरचं पात्र खिडकीबाहेर बघत गप्प उभं राहिलं, की सुभेदारांचा हात खिशात जातो. कटकन आवाज होतो. मग डोळ्यांतून धारा लागतात. शेजारच्या खुर्चीवरच्या बायकांना वाटतं, काय हळवा माणूस आहे बाई! खरं कारण मला माहीत असतं.

सुभेदार मूळचे उंब्रजकडचे. उभी हयात फौजेत गेली आणि निवृत्त झाल्यावर सांगलीत आमच्या कॉलनीत घर बांधलं. सहा फूट उंची, मिशा अशा की भाजीवाली भाव करताना जरा बिचकते. डोंगरात राहिले, बर्फात राहिले, कानाजवळून गोळ्या गेल्या. पण संथ नाटकाचं नाव काढलं की या माणसाची पाचावर धारण बसते.

"आवं मास्तर, दुश्मन कुठनं येनार ते तरी ठावं असतंय," ते मला सांगतात. "ही झोप कुठनं येतीया, आजून कळलं न्हाई."

मग जाता कशाला, असं तुम्ही विचाराल. जावं लागतं, कारण नाटकात त्यांची बायको असते. मुलं पुण्याला गेली आणि सुनंदावहिनी इथल्या बायकांच्या हौशी नाट्यमंडळात शिरल्या. त्या मंडळाला ज्यात काही घडत नाही अशी नाटकं फार आवडतात. पात्रं बसतात, उठतात, तांब्या भरतात, पुन्हा बसतात. मध्येच अशी शांतता पसरते की मिरजेच्या स्टेशनातली शिट्टी सांगलीत ऐकू यावी. मध्यंतरात चहाला गेलेले प्रेक्षक चहा पिऊन परस्पर घर गाठतात. मीही गाठलं असतं हो! पण मी सुभेदारांचा जोडीदार आहे.

जोडीदार म्हणजे काय, ते सांगतो. बर्फातल्या चौकीवर म्हणे दोघं दोघं असायचे आणि एकानं दुसऱ्याला झोपू द्यायचं नाही, हा नियम. "बर्फात झोपला त्यो गेला," हे सुभेदारांचं ठेवणीतलं वाक्य. नाट्यगृहात शिरताना ते हेच वाक्य म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. त्यांची मान कलली की मी कोपर मारायचं, माझी कलली की त्यांनी. त्यांचं कोपर फौजी आहे. माझ्या डाव्या बरगडीला नाटकाची आवड अजिबात उरलेली नाही.

ही सगळी तयारी एका घोरण्यापायी. पूर्वी एका नाटकात वहिनी पोर गेलेल्या आईचं काम करत होत्या. शेवटचा प्रसंग, सगळं चिडीचूप, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून घर्रर्र आवाज सुरू झाला. आधी लोकांना वाटलं, नाटकातलाच आवाज असेल. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं नाट्यगृह हसलं. वहिनी तशाच उभ्या राहिल्या. घरी गेल्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "फुडच्या खेपंला झोपलासा तर मी नाटक सोडीन. राग न्हाई तुमच्यावर. पन मग परत हुबं ऱ्हायाचं बळ न्हाई माज्यात."

हे सगळं सांगून सुभेदार मला म्हणाले, "मास्तर, घरात तिला करमत न्हाई ओ. नाटक हाय म्हून ती हसतीया. माज्यापाई सुटलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

तर परवाच्या नाटकात वहिनी एकट्याच होत्या. घरी त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता; नाट्यगृहाच्या दारावरची पाटी मीच सुभेदारांना वाचून दाखवली.

"एकटीच?" सुभेदार दारातच थबकले. "दुसरं कोनच न्हाई? भांडान न्हाई, गानं न्हाई?"

"एकट्याच. नाटकही म्हणे त्यांनीच सुचवलंय."

"मेलो!" सुभेदार म्हणाले आणि खिशातल्या मिरच्या चाचपल्या.

पडदा वर गेला. खेड्यातलं घर, चूल, एक दार. वहिनी भाकरी थापत होत्या. थापल्या, भाजल्या, पुन्हा थापल्या. लांबून एका गाडीचा आवाज आला. वहिनींचा हात पिठातच थांबला. गाडी निघून गेली, हात परत चालू झाला. थोड्या वेळानं पुन्हा गाडी, पुन्हा हात थांबला. असं कितीतरी वेळ. मागं मोबाइल उजळायला लागले, खुर्च्या खाडखाड वाजायला लागल्या, माणसं उठून चालली. मी घाबरून कोपर सरसावलं आणि शेजारी पाहिलं. सुभेदार ताठ बसले होते. मिरची हातात तशीच होती.

मग रंगमंचावर दाराची कडी वाजली. वहिनी उठून दारापाशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. कडी परत वाजली. वहिनींनी पदर सारखा केला, गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं, पण दार उघडेनात.

"आवं बाई, उगडा की दार!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

आता सुभेदार उठून त्याची गचांडी धरणार, या भीतीनं मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनीच माझं मनगट पकडलं.

"मास्तर," ते कुजबुजले, "आसाच यायचो मी रजेवर. कळवायचो न्हाई. गंमत म्हून. जीप गल्लीच्या तोंडाला सोडायची आन् नुसती कडी वाजवायची, हूं का चूं करायचं न्हाई. ही दारच उगडायची न्हाई. लय झोपाळू बायकू हाय म्हून समद्या पलटनीत सांगितलंय मी."

त्यांच्या भागात घरटी एक जण फौजेत. कुणाचं बरंवाईट झालं की आधी गाडी यायची, मग दारात माणूस यायचा आणि त्याला शब्द फुटायचा नाही. हे सुभेदारांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? स्वतःच्या दाराशी मात्र त्यांना ते कधी आठवलं नव्हतं.

रंगमंचावर वहिनी बंद दाराला म्हणाल्या, "कोन हाय? काय आसंल ते तितनंच सांगा." नाटकातलं तेवढं एकच वाक्य. त्यांनी कडीला हात घातला आणि अंधार झाला.

टाळ्या जेमतेम पडल्या. "काय घडलंच नाही राव, नुसता कंटाळा," म्हणत लोक बाहेर पडले. तोंडावरचा रंग तसाच ठेवून वहिनी लगबगीनं आल्या आणि भीत भीत नवऱ्याकडे बघायला लागल्या.

"झोपला व्हता का?"

सुभेदारांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "कवा बोलली न्हाईस गं."

"रजा केवढी आसायची तुमची," वहिनी म्हणाल्या. "त्यात काय रडगानं गायाचं?"

सुभेदार तिथंच नाट्यगृहाच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यात मिरचीचा काही संबंध नव्हता.

हल्ली ते कोथिंबीर आणायला गेले तरी परतताना गल्लीच्या तोंडापासूनच हाक मारत येतात, "सुनंदा, मी हाय गं! मीच हाय!" कॉलनीतली नवी मंडळी हसतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतात. मला हसू येत नाही. आतून वहिनी म्हणतात, "व्हय, व्हय, कळलं," आणि सुभेदार फाटकापर्यंत पोचायच्या आत दार उघडलेलं असतं.