आचलचा नंदी आणि माझा रंधा

रंधा दुकानातून विकत आणणारा माणूस मला माणूसच वाटत नाही! मागच्या वर्षी मीही आणला होता, म्हणून ठणकावून सांगतो. बाभळीच्या पहिल्याच गाठीला त्याचं पातं असं वाकलं, जसा मतदानाच्या आदल्या दिवशी पुढारी वाकतो!

मी राइस मिलमधला फिटर. लोखंड माझं ऐकतं. म्हणून यंदा घरात जाहीर केलं, तान्ह्या पोळ्याला पोरीसाठी लाकडी नंदी मी करणार, आणि तोही स्वतः घडवलेल्या अवजारांनी!

आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले नंदी सजवून चौकात आणतात, मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. ज्याला नंदी नाही त्यानं कडेला उभं राहायचं. गेल्या साली आमची आचल तशीच उभी होती, दुसऱ्याच्या नंदीचं शेपूट धरून.

"बाबा, यंदा माहा नंदी राहीन ना?"

"राहीन म्हणजे? साऱ्या गावात तसा नसन!"

"दुकानातला आणून द्या ना जी सरळ," बायको धनवंता म्हणाली.

"तू गप राह्य. आधी अवजार, मग नंदी!"

आणि तिथंच फसलो. रंध्याच्या ठोकळ्याला तोंड पाडायला पटाशी लागते. पटाशी केली, तर तिला मूठ पाहिजे. मूठ गुळगुळीत करायला लागतो रंधा! बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानासारखा मी तिथल्या तिथं घिरट्या घालत राहिलो.

ठोकळ्याला मुरलेलं लाकूड हवं. गावभर हिंडलो. शेवटी घरातच सापडलं, आमच्या बाजेचा पाय! कापला. बाजेखाली विटा लावल्या.

"आता झोपाचं कसं?" धनवंता ओरडली.

"विटेकडं पाय करून!"

पातं केलं ट्रॉलीच्या कमानीच्या तुकड्यातून. भट्टीत लाल केलं. आता ते कडक व्हायला तेलात बुडवायचं, आमच्या भाषेत पाणी द्यायचं. तेल कुठं? चुलीवर कढई तयारच होती! मी पातं बुडवलं. भप्पकन जाळ आढ्याला भिडला, मांजर कौलावर गेली, आणि पोळ्याच्या करंज्या इंजिनाच्या सुट्या भागांसारख्या दिसायला लागल्या!

"काऊन जी, डोकं फिरलं का तुमचं?"

"पातं बघ पण! काय कडक झालं!"

"करंज्याही झाल्या. चावून पाहा!"

एवढं होऊन रंधा तयार झाला. समोरून दोर बांधून ओढायला आडवी दांडी, मधे पातं, त्यावर पाचर. फळीवर चालवला. चालेचना! नुसता कुरकुरायचा. पाचर ठोकली तर पातं बाहेर, काढली तर आत. मी रंध्याला शिव्या दिल्या, फळीला दिल्या, बाभळीच्या खानदानाला दिल्या. या भानगडीत तान्हा पोळा उजाडला, आणि नंदीच्या लाकडाला मी अजून हातही लावला नव्हता!

पोरीला काय सांगू? मिलच्या मालकाला तोंडावर बोलणारा मी, आचलसमोर जायला पाय उचलेना. कसाबसा बाहेर आलो, तर ती पडवीत बसली होती. पुढ्यात रंधा. आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांना गोंडे बांधले होते. काजळानं डोळे काढले होते. पाठीवर आईचं ब्लाउजपीस, झूल म्हणून!

"बाबा, किती मोठे शिंगं केले जी तुम्ही!"

मी तोंड उघडलं. धनवंतानं माझ्या पायावर पाय दिला.

"एक शब्द बोलाचा नाही," ती कानात म्हणाली.

चौकात नंदींच्या स्पर्धेचे परीक्षक होते देवानंदभाऊ. त्यांनी मंडळाला सागवानी टेबल दिलं होतं. समोरचं नाव हारांनी झाकलं जातं, म्हणून वरच्या फळीवरही लाल रंगात रंगवून घेतलं होतं, 'देवानंदभाऊंकडून सप्रेम भेट'. लेकरं एकेक नंदी त्या टेबलावरून चालवत नेत होती. आचलची पाळी आली. तिनं दोन्ही हातांनी नंदी वर ठेवला.

"हा कोणत्या जातीचा बैल हाये व बाई?" भाऊ खो खो हसले. लोक हसले. आचलचा चेहरा उतरला. भाऊंनी आपला भला थोरला पंजा नंदीच्या पाठीवर दाबला. "लई वजनी हाये!"

आचलनं रागारागानं दोर ओढला.

खर्रर्र!

जो रंधा घरी फळीला खरवडत नव्हता, त्यानं टेबलावरून हातभर लांब, कागदासारखा पातळ छिलका काढला! छिलका झुलीखालून गोल गोल वर आला, आणि त्यावर लाल अक्षरं, 'सप्रेम'!

"माहं टेबल!" भाऊ किंचाळले. "हा नंदी नाही! हा सुताराचा रंधा हाये! कोनाची पोरगी ही?"

आचलनं नंदी उचलून छातीशी धरला.

"काका, त्याले भूक लागली होती," ती म्हणाली. "तुम्ही वरून दाबलं कायले?"

आधी एक म्हातारी हसली. मग पूर्ण चौक! लेकरं गवत घेऊन धावली, माझ्या रंध्याच्या तोंडात कोंबायला! भाऊ एवढ्या लोकांसमोर चिडणार किती? शेवटी त्यांनीच पहिला बोजारा तिच्या हातावर ठेवला. आचल रांगेत सगळ्यांच्या पुढं निघाली. मी मागून चालत होतो. डोळ्यात भुसा गेला होता बहुतेक.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या माणसानं ते टेबल माझ्या दारात आणून टाकलं. "सपाट करून द्या म्हणे."

मी म्हटलं, देतो की! जमला आता माझा रंधा! बाही वर करून पडवीत गेलो. खुंटाला दोर बांधलेला, खाली गवत, आणि आचल रंध्याच्या खांद्याला हळद-तेल चोळत बसलेली.

"आचल, जरा दे बरं तो."

"कामाले नाही मिळणार! खांदा दुखून राहिला त्याचा!"

"अगं, पाच मिनिटं..."

"बाबा!"

आता मी फुटक्या काचेच्या तुकड्यानं सागवानी टेबल खरवडतो आहे. तेही हळूहळू. आवाज झाला की आतून पोरगी ओरडते, "बाबा, झोपला हाये तो!"